पातेल्यावरचं नाव

३० नोव्हेंबर, रविवार. लातूर

आप्पांनी आज नवीन काम अंगावर टाकलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना लिहिता-वाचता येत नाही, आणि गप्प बसता तर त्यांना आयुष्यात कधी आलं नाही. नाताळाआधी नांदेडच्या मंडळीत त्यांना चार पाठ द्यायचेत, विषय 'विश्वासाने नीतिमान ठरणे'. ते फोनवर बोलून पाठवणार आणि मी इथे टाइप करायचं. "पाळकाची लेक तू. तुला तर हे तोंडपाठ असेल," म्हणाले. आहेच तोंडपाठ. माणूस देवापुढे स्वतःच्या कर्मांनी नव्हे, तर विश्वासाने नीतिमान ठरतो. रविवारच्या शाळेत याच उत्तरावर मला कंपासपेटी मिळाली होती.

दुसरं काम मी आपणहून ओढवून घेतलं. एकोणीस तारखेला येळवस आहे. लातूरकडे ही अमावस्या दिवाळीपेक्षा मोठी, सगळं गाव घराला कुलूप लावून शेतात जेवायला जातं. लग्नानंतरची माझी पहिलीच. मेमध्ये रुद्रेशनं आणि मी नांदेडला कोर्टात सह्या केल्या तेव्हा त्याच्या भावकीतलं कोणी आलं नव्हतं. ख्रिस्ती मुलगी लिंगायताच्या घरात, कोण कशाला येईल? ते सगळे आता शेतात येणार. सासूबाईंच्या थोरल्या जाऊबाई, सिद्धम्मा, ज्यांना आम्ही मोठ्याई म्हणतो, त्या तर लग्नापासून आमच्या घराची पायरी चढलेल्या नाहीत. त्यांनी निरोप धाडलाय, "येते. बघू सुनेच्या हाताला काय चव हाय."

म्हणून मी सासूबाईंना सांगून टाकलं की या वर्षीची भज्जी मी करणार, सगळ्यांची. त्या तूर निवडत बसल्या होत्या.

"पन्नास-साठ माणूस असतंय पोरी."

"करते की, अत्या."

"बरं," म्हणाल्या आणि पुन्हा तुरीत डोकं घातलं. हे 'बरं' होकाराचं की काळजीचं, ते मला अजून ओळखता येत नाही.

३ डिसेंबर

भज्जीची रंगीत तालीम झाली. आमच्या नांदेडकडे भजी म्हटलं की कढई आणि तेल. इथली भज्जी वेगळी: हरभऱ्याचा पाला, चुका, मेथी, पातीचा कांदा, तुरीचे-वाटाण्याचे-पावट्याचे ओले दाणे, सगळं एकत्र शिजवून वर बेसन आणि आंबट ताक. पहिल्या खेपेला बेसनाच्या गुठळ्या झाल्या. गणित शिकवणाऱ्या बाईनं प्रमाण चुकवावं म्हणजे कमाल.

सासरे, अमृतराव, काही न बोलता जेवले. दुसऱ्यांदा वाढून घेतलं ते बहुधा ताटात टाकायला नको म्हणून. हात धुताना म्हणाले, "आमच्यात कामालाच देव म्हणतेत, सुनबाई." समजलं. अजून काम दिसत नाहीये माझं.

भाकरी मात्र हल्ली बऱ्या जमतात. करपलेल्या असतील त्या सासूबाई गुपचूप आपल्या ताटात घेतात आणि फुगलेल्या दुरडीत ठेवतात. सासऱ्यांच्या धान्याच्या दुकानातलं माणूस जेवायला असतं, त्याच्यासमोर घराची अब्रू नको जायला, म्हणून असेल.

७ डिसेंबर, रविवार

सकाळी चर्चला निघायच्या आत सासूबाईंनी पाणी भरून ठेवलं, कणीक मळली, माझी साडीसुद्धा दोरीवरून काढून घडी करून ठेवली. "जा तू, उशीर होईल तुला." दर रविवारी असंच. मी ओट्याजवळून लवकर हललेली त्यांना बरी वाटते.

दुपारी आप्पांचा दुसरा पाठ आला. 'ठरवणे' हा शब्द त्यांनी धरून ठेवलाय. म्हणे, हा कोर्टातला शब्द आहे. न्यायाधीश माणसाला चांगला बनवत नाही, तो निर्दोष आहे असं जाहीर करतो. आणि जाहीर करतो ते त्याच्याकडे बघून नाही, ख्रिस्ताकडे बघून. ख्रिस्ताचं नीतिमत्त्व याच्या नावावर मांडलं जातं, याचं पाप ख्रिस्तानं आधीच आपल्या नावावर घेतलेलं असतं. माणसानं फक्त विश्वासाचा रिकामा हात पुढे करायचा. मी टाइप केलं आणि लगेच फोन लावला.

"आप्पा, हे लातुरात नका सांगू. इथं पोरं पहाटेपासून क्लासला जातात. कोरा पेपर दिला तरी पास, असं कळलं तर दंगल होईल."

"कोरा कुठं म्हणलो मी? दुसऱ्यानं पुरा सोडवलेला पेपर तुझ्या नंबरावर लागला."

"त्याला कॉपी म्हणतात. बोर्ड तीन वर्षं बसू देत नाही."

इतके हसले की आई आतून ओरडली, डोळ्याला ताण देऊ नका म्हणून. मग म्हणाले, "बेटा, तुझं बरोबर आहे, हा अन्यायच आहे. फक्त आपल्या फायद्याचा. माणसाला शिक्षा पचते, हे पचत नाही."

वाक्य चांगलं आहे. 'पचत नाही'च्या जागी 'स्वीकारता येत नाही' केलं, छापायचंय म्हणून.

१२ डिसेंबर

घरातली दोन पातेली मिळून भज्जी होईल, असं सासूबाईंचं म्हणणं. दोन पातेल्यांत दोन चवी होतात. मोठ्याईंच्या पानात नेमकी फिकी आली म्हणजे? मला एकच मोठं पातेलं हवंय. आमच्या नांदेडच्या चर्चकडे तशी पितळेची, कल्हई केलेली दोन जुळी पातेली आहेत. एकात नाताळाला खीर होते, दुसऱ्यात मटण. आईला फोन करून खिरीचं मागवलं. दुकानाचा ड्रायव्हर संगमेश सोमवारी तूर घेऊन नांदेडला चाललाय, तो आणेल.

सासूबाई म्हणाल्या, "मागून कशाला आणायचं? आपल्यात भागतंय की."

"अत्या, मला एकदम चांगलं करायचंय."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "चांगलंच होतंय तुझं," म्हणाल्या. धीर द्यायला बोलतात बिचाऱ्या.

१६ डिसेंबर

पातेलं आलं. संगमेशनं पोत्यात गुंडाळून आणलं. एवढं मोठं की रुद्रेशनं त्यात बसून दाखवलं, आणि ओट्यावर उभं राहून मी त्याला शेवग्याच्या शेंगेनं झोडपलं. आतून घासून लखलखीत केलं. बाहेरून जुन्या काजळीचा थर आहे, तो खरवडण्यात अर्थ नाही, परत चुलीवरच चढायचंय.

आज आंबीलही लावली, म्हणजे सासूबाईंनी लावली आणि मी बघितली. ज्वारीचं पीठ आणि ताक माठात आंबत ठेवायचं, तीन दिवस कुणी डोकावायचं नाही. मी दोनदा डोकावले. "तुझ्या बघण्यानं काय लवकर आंबट होणाराय का ते?" म्हणाल्या.

१८ डिसेंबर

शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा. दाणे सोलून बोटं हिरवी झाली. अंगणातल्या चुलीवर उद्या पहाटे पातेलं चढवायचं, म्हणून बाहेरून ओली माती आणि राख कालवून जाड लेप दिला, म्हणजे भांडं जळत नाही आणि घासायला सोपं जातं. हे मी व्हिडिओ बघून शिकले. सासूबाई म्हणाल्या, मी देते. मी दिला नाही त्यांना हात लावू. उद्याच्या भज्जीत कुणाचा हात नको, ती माझीच असली पाहिजे.

आप्पांचा तिसरा पाठ फोनमध्ये तसाच पडलाय. आता कुठली सवड.

१९ डिसेंबर, शुक्रवार. येळवस

शेतातून आलो. दिवा लावून लिहायला बसलेय.

भज्जी सुरेख झाली होती. हे आधी लिहिते, कारण ते खरं आहे आणि आता कुणाच्याच लक्षात राहणार नाही. एक गुठळी नाही, दाणे अख्खे, वरून लसणाची फोडणी. टेम्पोतून शेतात नेली. कडब्याची खोपटीसारखी कोप बांधलेली, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पांडव. भावकी जमली होती. मोठ्याई पांढऱ्या साडीत, खाटेवर ताठ बसलेल्या. मी पाया पडले तर "हं" म्हणाल्या. तेवढं 'हं'सुद्धा मला पुष्कळ वाटलं.

पूजा व्हायची होती. नैवेद्यासाठी भज्जी काढायला सासूबाई वाटी घेऊन आल्या. मोठ्याई पण उठून आल्या, चव नाही तर निदान रंग तरी बघायला. टेम्पोच्या हिसक्यांनी लेप सुटला होता. मी पातेलं जरा सरकवलं आणि काठाखालून वाळलेल्या मातीचा पापुद्रा गळून पडला. त्याच्याबरोबर जुनी काजळीही निघाली. खाली नाव घातलेलं होतं, आपण भांड्यांवर घालतो तसं, ठिपक्याठिपक्यांचं: 'नाताळ समिती, नांदेड. मटण.'

मोठ्याई चौथी शिकलेल्या आहेत. त्यांनी एकेक अक्षर लावून वाचलं आणि दोन पावलं मागे सरकल्या. या घरात कुणी अंडं शिवलेलं नाही. सासूबाईंच्या गळ्यात लिंग आहे, पूजा केल्याशिवाय त्या पाणी पीत नाहीत.

"हे कुणी आणलं?" मोठ्याईंनी विचारलं.

मी पातेल्याचा काठ धरून उभी होते. लेप मी दिला, पातेलं मी मागवलं, भज्जी माझ्या एकटीची हे दोघी-तिघींना सकाळी मीच फुशारकीनं सांगितलं होतं. रुद्रेश माझ्या बाजूला येऊन काही बोलणार, तेवढ्यात सासूबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो तिथेच थांबला.

"माझं हाय, अक्का," त्या म्हणाल्या. "म्याच मागवलं नांदेडहून. बघून घ्यायचं काम माझं होतं, म्या बघितलं न्हाई. चूक माझी हाय."

"तुझी?"

"हाव. माझी."

मोठ्याई त्यांच्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे, मग परत त्यांच्याकडे. "चाळीस वर्षं घर केलंस नीलम्मा, आन् आज हे?" एवढंच म्हणाल्या. चप्पल घातली आणि पुतण्याच्या मोटारसायकलवर बसून निघून गेल्या.

भज्जी बैलांपुढे ओतली. नैवेद्य आंबील आणि ज्वारीच्या उकडलेल्या उंड्यांचा झाला. लोक भाकरी, ठेचा, गूळ, खीर, हरभऱ्याचे डहाळे खाऊन उठले. बायका कुजबुजत होत्या, "नीलम्मासारखी बाई, तिनं असं करावं?" त्यांच्या कानावर जात होतं. त्या सगळ्यांना आंबील वाढत फिरल्या आणि स्वतः दिवसभर जेवल्या नाहीत. चूक झाली म्हणून उपास, म्हणाल्या.

मी बोलले नाही. मी उभी राहिले आणि बोलले नाही.

२० डिसेंबर

त्यांच्या आधी उठले. अंगण झाडलं, भांडी घासली, त्यांची पूजेची जागा पुसली, भाकरी केल्या, डबे भरले, गोधड्या उन्हात टाकल्या. दुपारी त्यांचे पाय चेपायला बसले तर त्यांनी पाय ओढून घेतले.

"सकाळधरनं काय करलालीस गं? थांब की जरा. घर हाय हे, परीक्षा न्हाई."

म्हणजे राग आहेच. पाय शिवू देत नाहीत.

आईचा फोन आला होता. दोन्ही पातेली काळी, तिनं वरचं उचलून दिलं. रडत होती. तिला कशाला बोलू? नाव वाचायचं काम माझं होतं.

२१ डिसेंबर, रविवार

आप्पांना सगळं सांगितलं. नावाचं ऐकून आधी कण्हले. "ते नाव मीच घालून घेतलं होतं बेटा. एका नाताळाला खिरीला रश्शाचा वास लागला, तेव्हा म्हणलो पुन्हा घोटाळा नको." मग सासूबाई काय म्हणाल्या ते सांगितलं. ते वाक्य त्यांनी मला पुन्हा म्हणायला लावलं.

"चूक माझी हाय, म्हणाल्या."

"मंग, तू काय म्हणलीस त्यांना?"

"काही नाही. आधी फेडते, मग बोलते. चाळीस वर्षांची अब्रू गेली त्यांची माझ्यापायी. नुसतं कोणत्या तोंडानं बोलू? भावकीला परत जेवण घालीन, मोठ्याईंना घरी आणीन, मग."

"आणि तोवर?"

"तोवर काम करते."

"तू माझे पाठ टाइप करून राहिलीस की नुसती बोटं चालवून राहिलीस?"

"पाठाचा इथे काय संबंध? हा माझ्या संसाराचा प्रश्न आहे."

मग म्हणाले, "बेटा, तुझी सासू मला पाया पडण्यासारखी वाटते. फिकर करू नको. जेवत जा." डोळ्याच्या ऑपरेशननंतर रडू नये, डॉक्टरांनी सांगितलंय. नाक ओढत होते, ऐकू आलं मला. माझ्यामुळे आणखी एका माणसाला त्रास.

उद्या मोठ्याईंकडे जाऊन खरं सांगून टाकणार. सासूबाईंचं नाव तरी मोकळं होईल. त्यांना नाही सांगत, अडवतील.

२२ डिसेंबर

शाळा सुटल्यावर गेले. मोठ्याईंचं घर दोन गल्ल्या पलीकडे, पण मी आजवर आत गेले नव्हते. त्या जोत्यावर बसून ज्वारी पाखडत होत्या. 'ये' म्हणाल्या नाहीत, 'जा' पण नाही. मी उभ्याउभ्या बोलून टाकलं, नाहीतर बळ राहिलं नसतं.

"मोठ्याई, ते पातेलं अत्यांनी नव्हतं मागवलं. मी मागवलं. त्या नको म्हणत होत्या. नाव मी नाही बघितलं. चूक माझी आहे, तुम्ही मला बोला."

सूप थांबलं नाही. "ठाऊक हाय मला."

"काय?"

"नीलम्मानं आजवर कुणाची पळी मागून आणली न्हाई, ती नांदेडहून पातेलं मागवतीय व्हय? म्या काय येडी हाय? तिथंच कळलं मला. तुझं तोंड बघितलं की."

"मग तुम्ही... तुम्ही त्यांना कामून बोललात?"

आता त्यांनी सूप खाली ठेवलं. "ती म्हणली माझं हाय. चार माणसांत म्हणली. तिनं आपल्या अंगावर घेतलं म्हणल्यावर ते तिचं झालं. आता म्या तुला काय बोलू? तुझ्यावर काय ऱ्हायलंच न्हाई. माझं जे भांडण हाय ते नीलम्माशी. आमी जावा-जावा बघून घेऊ. तुझ्याशी माझं भांडण न्हाई."

"पण खरं तर माझं..."

"आता तू परत माझं-माझं करून तिचा उपास वाया घालवू नको." मग म्हणाल्या, "म्या सासू झाले, पर सुनेसाठी असं माझ्या तोंडातनं निघालं नसतं. त्याचाच राग आला मला, खरं सांगू का. म्हून उठून गेले."

त्यांनी पदराच्या गाठीतून गुळाचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला. हाताला हात लागला, त्यांनी मागे घेतला नाही. "जा घरी. ती जेवली नसंल. तू आल्याबिगर जेवत न्हाई ती, गल्लीला ठाऊक हाय."

मला ठाऊक नव्हतं. शाळेतून मी कधी तीनला येते, कधी चारला. त्या तेव्हा ताट घेऊन बसतात, मला वाटायचं त्यांची जेवायची वेळच ती.

घरी आले. खरंच, दुरडी झाकलेली आणि ताटं दोन.

"कुठं गेलतीस?"

"मोठ्याईंकडे."

त्या घाबरल्या. मी पहिल्यांदाच त्यांना घाबरलेलं बघितलं. "काय बोलल्या का तुला?"

"नाही. माझ्याशी त्यांचं भांडण नाही म्हणाल्या."

"व्हय?" एवढा मोठा श्वास सोडला त्यांनी, जसं काही सुटका त्यांचीच झाली. "मग झालं की. बस जेवायला."

मी सवयीनं चुलीकडे वळले. त्यांनी दंडाला धरून पाटावर बसवलं. वाढू लागल्या. दुरडीत हात घातला आणि वरची करपलेली भाकरी आपल्या ताटात घेतली, खालची फुगलेली माझ्या. पाहुणा कोणी नव्हता. घरात आम्ही दोघीच होतो.

मी त्या भाकरीकडे बघत राहिले. किती महिने मी हे बघतेय.

"अत्या," मी म्हणाले, "मी काय करू तुमच्यासाठी?"

"खा," त्या म्हणाल्या. "निवलालंय."

मी खाल्लं. मध्येच रडू आलं, थांबेना. त्यांनी विचारलं, ठेचा तिखट झालाय का. मी मान हलवून हो म्हणाले. त्यांनी आपल्या वाटीतलं दही माझ्या वाटीत ओतलं, आणि मी ते घेतलं.